एका मूत्रपिंडाचा कुत्रा आणि आमचे भावोजी

देवाने माणूस घडवताना आधी मूत्रपिंडं केली आणि मग त्यांना हिंडवायला म्हणून बाकीचं शरीर वर चढवलं, अशी आमच्या भावोजींची प्रामाणिक समजूत होती. हृदय, मेंदू, जठर वगैरे मंडळी त्यांच्या लेखी नुसती भाडेकरू. घरमालक ते दोघेच, पाठीला टेकून बसलेले, घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचे. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान. गुरांच्या डॉक्टरकीची पदवी घेऊन हा गृहस्थ एकाही म्हशीला हात न लावता आग्रा रोडवरच्या एका औषधांच्या कारखान्यात प्राणिविभागाचा प्रमुख झाला होता. नवं औषध माणसाला देण्याआधी ते उंदीर, ससे आणि कुत्रे यांना द्यायचं आणि त्यांचं काय होतं ते बघत राहायचं, हे त्यांचं काम. मी मॅट्रिक झालो, टायपिंग आणि लघुलेखन शिकलो आणि कोकणातून मुंबईला आलो तो मुलुंडला त्यांच्याच दोन खोल्यांत उतरलो, आणि त्यांच्याच शब्दावर त्या कारखान्यात टायपिस्ट म्हणून चिकटलो. त्यामुळे घरी भावोजी, कचेरीत भावोजी आणि जाता-येता सायकलवर पुढे भावोजी, असे माझे ते दिवस गेले.

पुढे म्हणायचं कारण, हा माणूस कधी बरोबरीने चाललाच नाही. त्यांना स्वस्थ बसता येत नसे. वर्तमानपत्राचं पहिलं पान ते ओट्याजवळ वाचत, दुसरं अंगणात आणि अग्रलेख शेजाऱ्यांच्या दारात. दाढी करायला येणारा न्हावी वस्तरा उगारून त्यांच्यामागे अंगणभर फिरे. लांबून बघणाऱ्याला काही भलताच प्रकार चाललाय असं वाटावं. ताईच्या लग्नाचा फोटो आमच्याकडे आहे. त्यात ताई आहे, भटजी आहेत, मागच्या रांगेतल्या काकूंच्या नथीतला मोतीसुद्धा दिसतो. भावोजींच्या जागी मुंडावळ्या बांधलेलं धुकं आहे. रेल्वेचं फाटक बंद असलं की सायकलवरून उतरून ते तेवढ्यात चाकात हवा भरत, हवी असो वा नसो. एकदा मालगाडी फाटकातच अडकून बसली आणि ट्यूब फुटली. त्यावर त्यांनी मालगाडीलाच दोष दिला.

माणूस भेटला की लोक त्याच्या चेहऱ्याकडे बघतात; भावोजी त्याच्या डोळ्यांखालच्या कातडीकडे बघत. सकाळी तिथे सूज असली तर आत काहीतरी बिनसलंय, असा त्यांचा हिशेब. "रात्री किती वेळा उठता?" हा प्रश्न त्यांनी ताईच्या मोठ्या सासऱ्यांना, शाळेच्या हेडमास्तरांना आणि एकदा सत्यनारायणाच्या पूजेला आलेल्या गुरुजींना, संकल्प चालू असताना विचारला होता. जेवणाच्या पाटावर तर त्यांना हमखास कुणा उंदराच्या लघवीचा रंग आठवायचा. ताईने शेवटी निक्षून सांगितलं, या घरात जेवताना तो शब्द निघाला तर मी पान उचलून ठेवीन. भावोजींनी ते मुकाट्याने मानलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्या पदार्थाला 'सरबत' म्हणू लागले. "आज तिसऱ्या पिंजऱ्यातलं सरबत अगदी गढूळ होतं" असं त्यांनी आमटी वाढून घेता घेता सांगितलं त्या दिवसापासून आमच्याकडे कोकमाचं सरबत होणं बंद झालं. ताईच्या माहेरून आलेली आमसुलं आमटीतच संपली.

पण त्यांचं खरं राज्य होतं ते कारखान्याच्या मागच्या अंगाला, डोंगराच्या बाजूच्या पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये. तिथे जाळीच्या तळाचे पिंजरे रांगेने मांडलेले असत. प्रत्येकाखाली एक काचेचं नरसाळं आणि नरसाळ्याखाली बाटली. जगात कुठेही न थांबणारे भावोजी या नरसाळ्यांपुढे थांबत. थांबत म्हणजे एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत राहत. उंदीरमहाशय त्यांच्या सवडीने वागायचे. "याला मी समोर आलो की लाज वाटते," असं ते मला गंभीरपणे सांगत आणि पाठ वळवून उभे राहत. बाटलीत काही जमलं की मग त्यांची धांदल उडे. थोडं परीक्षानळीत घेऊन, आम्लाचे दोन थेंब टाकून, तापवून बघायचं. गढूळ झालं तर त्यात प्रथिन उतरलंय, म्हणजे गाळणी फाटायला लागलीय. काचेचा एक तरंगणारा दांडा सोडून ते किती दाट आहे ते बघायचं. आणि मग एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली. तिथे ते ज्याच्या शोधात असत त्याला ते 'साचे' म्हणत. मूत्रपिंडात केसाहून बारीक नळ्या असतात. औषधाने त्यांना इजा झाली की आतला गाळ नळीतच थिजतो आणि नळीच्या आकाराचा होऊन वाहून बाहेर येतो. मला पहिल्यांदा त्यांनी तो दाखवला तेव्हा सोऱ्यातून पडलेल्या शेवेच्या तुकड्यासारखा दिसला. मी तसं म्हणालो, तर त्यांना ती उपमा इतकी आवडली की ताईला शेवही बंद करावी लागणार की काय अशी मला भीती वाटली.

अशात आमच्या कारखान्याने मातीतल्या एका बुरशीपासून नवं इंजेक्शन तयार केलं. पेनिसिलिनला दाद न देणाऱ्या जंतूंवर ते चालत होतं. आमचे डायरेक्टर साहेब विलायतेत शिकून आलेले डॉक्टर. बोलायला इंग्रजीत सुरुवात करत आणि राग आला की मराठीत उतरत. माणूस वाईट नव्हता. परळकडच्या एका इस्पितळात त्यांचे मित्र होते आणि तिथल्या वॉर्डात कुठलंच औषध लागू न पडणारे रोगी होते. साहेब दर आठवड्याला तिथे जात आणि परत आले की दुपारचा चहासुद्धा घेत नसत. त्यांना ते इंजेक्शन लवकर हवं होतं, ते धंद्यासाठी नव्हे, एवढं मला त्यांची पत्रं टाइप करताना कळत होतं.

कुत्र्यांना रोज इंजेक्शन दिलं जाऊ लागलं. कुत्रे मजेत होते. जेवत होते, शेपट्या हलवत होते, एकमेकांवर भुंकत होते. त्यांच्या रक्तातला युरिया तपासला तर तोही ठीक. मूत्रपिंडं काम करेनाशी झाली की शरीरातली ही घाण रक्तात साठते. ती साठली नव्हती. साहेबांच्या दृष्टीने विषय संपला. पण भावोजींची झोप उडाली. कुत्र्यांची लघवी पातळ व्हायला लागली होती. पाणी तोडून ठेवलं तरी ती दाट होत नव्हती. आणि थेंबाथेंबात साचे. त्यांनी तसा अहवाल लिहिला, मी तो टाइप केला, आणि साहेबांनी आम्हा दोघांनाही बोलावून घेतलं, मला लघुलेखनासाठी.

साहेबांचं म्हणणं अगदीच सोडून देण्यासारखं नव्हतं. नर उंदराच्या लघवीत प्रथिन नेहमीच असतं, ते म्हणाले. धावून दमलेल्या माणसाच्या लघवीतही एखादा साचा सापडतो. रक्त स्वच्छ आहे, जनावर तरतरीत आहे, मग कशाच्या जोरावर थांबायचं? भावोजी खोलीभर फिरत उत्तरं देत होते आणि साहेबांची मान त्यांच्याबरोबर इकडून तिकडे वळत होती. शेवटी साहेब मराठीत उतरले. "तिकडे वॉर्डात माणसं डोळ्यांदेखत जाताहेत, आणि तुम्ही बाटल्या बघत बसलाय," ते म्हणाले. भावोजी फिरत होते तसेच दारातून बाहेर पडले.

त्यानंतरचे दिवस घरात फार वाईट गेले. पहाटे उठावं तो भावोजी ओसरीवर येरझारा घालताहेत. संध्याकाळी परतावं तो पुन्हा तेच. जेवताना त्यांनी ना लघवीचं नाव काढलं ना सरबताचं. ताईने एकदा स्वतः होऊन विचारलं, "काय म्हणतो तुमचा तिसरा पिंजरा?" तेव्हा ते म्हणाले, "तो काय म्हणतो ते मला ऐकू येतंय गं. पण साहेबांना रक्ताचीच भाषा येते." आणि हात धुवायला उठले ते पाण्याचा तांब्या हातात घेऊन अंगणात फिरत राहिले. खरं सांगायचं तर त्यांना साहेबांचाही राग नव्हता. वॉर्डातले रोगी त्यांनाही दिसत होते. थांबावं तर ते जाणार, आणि न थांबावं तर वाचलेल्यांचं पुढे काय होणार. दोन्ही बाजूंनी तेच ओढले जात होते.

मग साहेब कामासाठी दिल्लीला गेले आणि बरेच दिवस तिकडेच राहिले. त्या काळात भावोजी काय करत होते ते मला कळलं नाही. एवढंच आठवतं, की त्यांनी ताईची जुनी तांबडी शाल मागून नेली आणि कशाला ते सांगितलं नाही.

साहेब परत आल्यावर बैठक भरली. भावोजी आले ते एका तपकिरी, मध्यम चणीच्या कुत्र्याला साखळीने धरून, आणि कुत्र्याच्या अंगाभोवती ताईची तांबडी शाल नीट बांधलेली. सगळे हसले. भावोजी म्हणाले, साहेब, तुम्ही डॉक्टर आहात, जरा याला तपासून सांगा. साहेबांनाही गंमत वाटली. त्यांनी खुर्ची सरकवून त्याच्या पापण्या उलटून पाहिल्या, जीभ पाहिली, नाकाला हात लावला. कुत्रा त्यांचं बोट चाटू लागला. मग भावोजींनी त्याच आठवड्यातला त्याच्या रक्तातल्या युरियाचा आकडा सांगितला. "उत्तम आहे," साहेब म्हणाले. "याला काही झालेलं नाही. याला कुठलं औषध दिलंत?"

"काहीच नाही," भावोजी म्हणाले आणि त्यांनी शाल सोडली. डाव्या कुशीवरचे केस नुकतेच वाढू लागले होते आणि त्यांतून एक लांब, भरून आलेला व्रण दिसत होता. "तुम्ही दिल्लीला होतात तेव्हा मी याचं डावं मूत्रपिंड काढून ठेवलंय. निम्मं घर पडलं, साहेब, आणि रक्ताला अजून पत्ता नाही. त्याला पत्ता लागेल तेव्हा वाचवायला फार थोडं उरलेलं असेल."

कुत्रा टेबलाखाली जाऊन बसला. साहेबांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला आणि विचारलं, मग औषध फेकून द्यायचं का? भावोजी नाही म्हणाले. कुत्र्यांचे दोन गट करायचे. एका गटाची लघवी बिघडली की त्याच दिवशी इंजेक्शन थांबवायचं आणि मूत्रपिंडं सावरतात का ते पाहायचं. दुसऱ्या गटाला रक्त बिघडेपर्यंत द्यायचं आणि मग थांबवायचं. पहिला गट सावरला, तर माणसालाही थोडं थोडं देता येईल, फक्त रोज त्याच्या बाटलीवर डोळा ठेवायचा. साहेबांनी मान डोलावली. मी लघुलेखनाच्या वहीतून वर पाहिलं तेव्हा भावोजींच्या चेहऱ्यावर जिंकल्याची काही खूण नव्हती. दुसऱ्या गटातल्या कुत्र्यांना इंजेक्शन कोण देणार हे त्यांना माहीत होतं.

तो व्रणवाला कुत्रा त्यांनी घरी आणला. ताई त्याला 'अर्ध्या' म्हणू लागली. भावोजींना ते मुळीच पसंत नव्हतं. याचं अर्धं काही नाही, एक आहे आणि ते एक दोघांचं काम करतंय, असं म्हणून त्यांनी त्याचं नाव 'एक्का' ठेवलं. दोन-चार दिवसांतच आमचे घरमालक तणतणत आले, की भाड्याने खोल्या दिल्या त्या माणसांना, कुत्र्यांना नव्हे. भावोजींनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि मग एकदम खाली बसून घरमालकांच्या पायाच्या घोट्यावर अंगठा दाबला. अंगठा काढल्यावर तिथे खळगा तसाच राहिला. "हे कधीपासून?" भावोजींनी इतक्या हळुवारपणे विचारलं की घरमालकांचा रंग उडाला. ते एक्काला विसरून थेट डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी तपासून मोजे सैल घालायला सांगितले. पण घरमालकांनी त्यानंतर कुत्र्याचा विषय काढला नाही. उलट अधूनमधून येऊन ते घोटा पुढे करत आणि भावोजी तो दाबून बघत.

हे सगळं हसण्यासारखं होतं आणि आम्ही हसतही होतो. पण कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये दुसरं काही चाललं होतं. पहिल्या गटातल्या कुत्र्यांची इंजेक्शनं साचे दिसताच थांबली होती आणि हळूहळू त्यांची लघवी पुन्हा दाट आणि स्वच्छ होत गेली. दुसऱ्या गटाची इंजेक्शनं चालूच होती. भावोजी ती स्वतः देत. हे काम त्यांनी हाताखालच्या कुणाला दिलं नाही. कुत्रे त्यांना ओळखत आणि सुई हातात घेऊन आले तरी शेपूट हलवत. पुढे एक दिवस रक्तातला युरिया वाढलेला निघाला. इंजेक्शनं थांबवली. युरिया थांबला नाही. कुत्र्यांनी खाणं सोडलं, ओकू लागले, भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले.

एका दुपारी काही सह्यांसाठी कागद घेऊन मी शेडमध्ये गेलो. भावोजी एका पिंजऱ्याशी जमिनीवर बसले होते. दार उघडं होतं आणि त्यांचा हात आतल्या कुत्रीच्या डोक्यावर होता. त्यांना असं हात-पाय न हलवता बसलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मी दारातच थांबलो. थोड्या वेळाने मागून साहेब आले. त्यांनी कुत्रीकडे पाहिलं आणि म्हणाले, "पुरे. समजलं मला."

"समजलं ना, साहेब," भावोजी वळून न बघता म्हणाले. "मग हिला झोपेचं इंजेक्शन द्यायला परवानगी द्या. आपल्याला समजावं म्हणूनच ही इतके दिवस जगत होती."

साहेबांनी स्वतः जाऊन कुपी आणली.

त्यानंतर ते औषध इस्पितळात गेलं, पण भावोजींच्या अटीवर: लहान मात्रा, थोडे दिवस, आणि रोज लघवीची तपासणी. तपासणी तिथले लोक करत. तरी भावोजी रोज संध्याकाळी कारखान्यातून परळ गाठत आणि इस्पितळाच्या तपासणीच्या खोलीत बाटल्या पुन्हा एकदा बघत. रोग्यांना मात्र ते कधी भेटले नाहीत. माणूस पाहिला की हात कचरतो, असं ते म्हणत.

त्या वॉर्डात माहुलची एक कोळीण होती. मासे कापताना हातात काटा घुसला, हात खांद्यापर्यंत सुजला, तो चिरून पू काढला तरी विष रक्तात पसरलं आणि पेनिसिलिनचा काही उपयोग होईना. नव्या इंजेक्शनाने ताप उतरायला लागला. मात्र पुरता उतरला नव्हता, तेवढ्यात तिच्या बाटलीत भावोजींना साचे दिसले. वॉर्डातले डॉक्टर पेचात पडले. थांबवलं आणि ताप उलटला तर बाई हातची जाणार. रक्त तर अजून स्वच्छ आहे, आणखी थोडे दिवस देऊ, असं त्यांना वाटत होतं. भावोजी त्या खोलीत पिंजऱ्यातल्यासारखे फिरत राहिले आणि अखेर म्हणाले, "आज थांबवा. ताप उलटला तर दोष माझा म्हणून लिहा." साहेबांना फोन गेला. साहेबांनीही थांबवा म्हणून सांगितलं.

त्या आठवड्यात भावोजींनी काय खाल्लं ते ताईला ठाऊक नाही. ताप एकदा वर गेला आणि मग आपल्या आपण उतरत उतरत गेला. लघवी स्वच्छ झाली. ती बाई घरी जायला निघाली तेव्हा भावोजींनी तिला तपासणीच्या खोलीच्या खिडकीतून पाहिलं. ती व्रणाचा हात नाचवत, नवऱ्यावर काहीतरी कारणाने ओरडत फाटकाबाहेर पडली, एवढंच त्यांनी घरी येऊन सांगितलं. आणि त्या दिवशी ताईने आग्रह न करता ते पोटभर जेवले.

पुढे परदेशातून जास्त चांगलं, कमी त्रासाचं औषध आलं आणि आमचं इंजेक्शन बंद पडलं. साहेब दुसरीकडे गेले. एक्का म्हातारा होऊन मेला. भावोजी मात्र तसेच हलत राहिले. एका रविवारी ताईबरोबर मुलुंडच्या मासळीबाजारात गेले असता त्यांना ती कोळीण दिसली. तिच्या हातावरचा व्रण आधी दिसला, मग ती. माहुलच्या किनाऱ्यावर तेलाचे कारखाने उभे राहिले होते, मासळी कमी झाली होती, म्हणून ती बायकांबरोबर इतक्या लांब येऊन विकायला बसू लागली होती. तेव्हापासून दर रविवारी मासळी आणायचं काम भावोजींनी ताईकडून काढून घेतलं. ते तिच्या टोपलीशी जात, ती सांगेल ती मासळी सांगेल त्या भावाने घेत आणि एखादं शिळं पापलेट आलं तरी ताईची बोलणी ऐकून घेत. आपण कोण हे त्यांनी तिला सांगितलं नाही. मी एकदा विचारलं, सांगत का नाही? ते म्हणाले, "तिला कशाला आठवण करून द्यायची?" आणि पुढे निघून गेले.

ते गेले तेही असेच, चालता चालता, ओसरीतून अंगणात उतरताना. दिवसकार्य झाल्यावर ताईने मला मासळी आणायला पाठवलं. इतक्या दिवसांत घरात तिखट असं काही शिजलंच नव्हतं. कधीमधी मी भावोजींबरोबर गेलेलो, त्यामुळे कोळीण मला ओळखत होती. ते बाबा हल्ली दिसत नाहीत, तिने विचारलं. मी सांगितलं. तिने टोपलीवर हात टेकला. मग तिने मासळीवर पाणी शिंपडलं.

"चांगला माणूस होता," ती म्हणाली. "कधी भाव केला नाय."

मी तिच्या हातावरच्या त्या जुन्या व्रणाकडे पाहिलं. सांगावंसं फार वाटलं. पण मागे माणसं खोळंबली होती आणि तिने माझ्यासाठी दोन ताजी पापलेटं निवडून बाजूला काढायला घेतली होती, तेव्हा मी पिशवी उघडून पुढे धरली.